टीचर, एक विचारायचं होतं

चौतीस वर्षं कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळांत शिकवून मी २०२० साली निवृत्त झाले. तेव्हा ठरवलं होतं, आता कुणाची वही तपासायची नाही. पण संपादकांनी हे सदर गळ्यात घातलं आणि तुमची पत्रं म्हणजे वह्याच निघाल्या. या महिन्यात टपाल जास्त आहे, कारण जून. दाखले काढायचा महिना. पत्रं थोडी कापून छापली आहेत, नावं-गावं काढली आहेत. आमच्याकडं एकाचं नाव छापलं की संध्याकाळी बसस्टॉपवर त्याच्या तीन पिढ्यांची चर्चा होते.

प्रश्न : टीचर, माझा मुलगा सरकारी मराठी शाळेत तिसरीला आहे. नवरा गोव्यात गवंडीकामाला, महिन्यातून एकदा येतो. मी काजू फोडायला जाते, दिवसाला तीनशे पडतात. आमच्या गल्लीतली सगळी पोरं पिवळ्या व्हॅनमधनं इंग्लिश मीडियमला जातात. जाऊबाई म्हणते, 'तुझं पोरगं काय करूलाय त्या शाळेत? भात खाऊन येतंय नव्हं?' तिकडं फी वर्षाला वीस हजार आणि व्हॅनचे महिन्याला आठशे. बचत गटातनं कर्ज काढून घालू काय? पत्र भाचीकडनं लिहून घेतलंय. — एक आई, जांबोटी भाग

उत्तर : जाऊबाईंचं नंतर बघू. आधी एक काम करा. भाचीला म्हणा, एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिही. पुस्तकातल्या नकोत, घरातल्या. 'बाबा गोव्याला गेले. म्हशीनं आज दूध दिलं नाही.' असलं काही. तो कागद मुलाच्या हातात द्या आणि वाच म्हणा. वाचून झालं की विचारा, काय लिहिलंय सांग बघू.

पुस्तकातलं का नको, ते सांगते. माझ्या वर्गात तिसरीला एक मुलगा होता. मराठीचं पुस्तक घडाघडा वाचायचा. स्वल्पविरामाला थांबायचा, पान नेमकं जिथं उलटायचं तिथं उलटायचा. पाहुणे आले की मी त्यालाच उभा करायची. एका पावसाळ्यात कौलं सरकली आणि कपाटातली पुस्तकं भिजली. वाळवून परत वाटली, तर त्याच्या पुस्तकातली दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. तो वाचायला उभा राहिला आणि चिकटलेल्या दोन पानांवरचा मजकूरसुद्धा म्हणून मोकळा झाला! मी पुस्तक हातात घेतलं, नखानं पानं सोडवायला गेले, सुटेनात. मग फळ्यावर 'बदक' लिहिलं. काना नाही, मात्रा नाही. तो फळ्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ह्याला चित्र न्हाई की टीचर."

दोन वर्षं तो पोरगा माझ्या समोर, पहिल्या रांगेत बसत होता. मला पत्ता नव्हता. पाठांतराला मी वाचन समजत होते, चूक माझीच.

तेव्हा तुमच्या मुलाला कागद वाचता आला आणि अर्थ सांगता आला, तर त्याला आहे तिथं राहू दे. आला नाही, तर उद्या कामावर जायच्या आधी शाळेत जा आणि टीचरांना तो कागद दाखवा. भांडू नका. 'ह्याला वाचायला येईना, काय करूया?' एवढंच विचारा. तिसरीतल्या मुलाला रोज अर्धा तास कुणी धरून बसलं तर दसऱ्यापर्यंत तो वाचायला लागतो, हे मी एकदा नव्हे, पुष्कळदा केलेलं आहे. बाराखडीचा एकेक तक्ता घोकून घेण्यापेक्षा त्याला ठाऊक असलेल्या शब्दांवरनं चला: घर, नळ, मका, काजू.

शाळा बदलून हे दुखणं जात नाही, त्याच्यावर नुसता टाय चढतो. इंग्लिश मीडियममधनं चौथीला माझ्याकडं परत आलेली एक मुलगी होती. बापाचं काम सुटलं, फी थकली. तिला 'बटरफ्लाय'चं स्पेलिंग न अडखळता यायचं. विचारलं, बटरफ्लाय म्हणजे काय गं? म्हणाली, "बटरफ्लाय म्हणजे बटरफ्लाय." खिडकीबाहेर घाणेरीच्या झुडपावर फुलपाखरं नाचत होती, तिकडं तिचं लक्षही गेलं नाही. सगळ्या खासगी शाळा अशा असतात असं मी म्हणत नाही. चांगल्या आहेत. पण चांगलीची फी वीस हजार नसते, हेही बघून ठेवा.

आता पैशाचं. वीस हजार फी आणि दहा महिन्यांचे व्हॅनचे आठ हजार, झाले अठ्ठावीस. वह्या, बूट, 'डे'ला लागणारे रंगीत कपडे वेगळेच. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना दोन हजार तुम्ही वर्षभर हात न लावता साठवले तरी चोवीस होतात. आणि ही फी एका वर्षाची नाही, पुढं वाढत जाणारी आहे. पाचवीत थकली की मूल मधेच परत येतं. तेव्हा त्याची धड मराठी झालेली नसते, धड इंग्रजी झालेली नसते. आरटीईमधनं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातनं, खासगी शाळेत फुकट जागा मिळंल काय, असं भाचीनं पत्राच्या कोपऱ्यात विचारलंय. आपल्या राज्यात २०१९ पासून नियम बदललाय. जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेत ती जागा मिळत नाही. माध्यम कुठलं घ्यायचं हा हक्क मात्र तुमचाच आहे, सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली कर्नाटकाच्याच खटल्यात तसं सांगितलंय. त्यामुळं तुम्ही घातलंत तर मी रागावणार नाही. कर्ज काढून घालू नका, एवढंच.

तुमच्या गल्लीत काय चाललंय तेही सांगते, कारण ते मी तीन शाळांत डोळ्यांनी बघितलं. व्हॅन आली की पट उतरतो. पट साठाच्या खाली गेला की तिसरा शिक्षक 'हेच्चुवरी' ठरतो, म्हणजे जादा, आणि त्याची दुसरीकडं बदली होते. शिक्षक गेला की राहिलेले पालक म्हणतात, शिकवायलाच कोण नाही, इथं कशाला ठेवायचं? आणखी आठ-दहा पोरं जातात. शेवटी मागं उरतात ती धनगरवाड्यावरची पोरं, आजीजवळ राहणारी पोरं, व्हॅनचे आठशे ज्यांना कधीच जमणार नाहीत ती पोरं. मग तीच व्हॅनवाली गल्ली म्हणते, त्या शाळेत सगळी तसलीच पोरं हाईत.

आणि जाऊबाईंना सांगा, होय, भात खाऊन येतोय. सांबार पण असतंय.

प्रश्न : शाळेतल्या दुधाला वास येतो म्हणून मुलगी पीत नाही. बाईंना सांगितलं तर 'सगळ्यांना तेच आहे' म्हणतात. — एक पालक, खानापूर

उत्तर : ते पावडरीचं दूध. २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेत मिळतं, १५० मिलीला १८ ग्रॅम पावडर असं माप आहे. उकळत्या पाण्यात पावडर एकदम ओतली की गुठळ्या होतात, गुठळ्या तळाला बसतात, तळ लागतो आणि तो वास येतो. आधी थोड्या कोमट पाण्यात पावडर पेजेसारखी कालवायची आणि मग मोठ्या पातेल्यात सोडून हलवत राहायचं. आमच्या शाळेतल्या स्वयंपाकाच्या अक्का हेच करायच्या आणि पोरं दुसरा ग्लास मागायची. एक दिवस सकाळी शाळेत जाऊन तुम्ही स्वतः एक ग्लास प्या. मुलांच्या आधी मोठ्या माणसानं चव बघायचीच असते, तो नियमच आहे. आई येऊन चव बघते म्हटल्यावर पातेलं आपोआप नीट घासलं जातं.

प्रश्न : मी गावच्या शाळेच्या एसडीएमसीचा, म्हणजे शाळा कमिटीचा, अध्यक्ष आहे. शिक्षण सातवी, ट्रॅक्टर चालवतो. पहिली ते पाचवी ४१ मुलं. दोन शिक्षक होते, एकाची बदली झाली. राहिलेले हेडमास्तर महिन्यातनं आठ-दहा दिवस मीटिंगला, नाहीतर कुठल्यातरी यादीच्या कामाला. तेव्हा पाचवीची मुलगी पहिलीला शिकवते. आम्ही दोनदा तालुक्याला जाऊन आलो, 'बघूया' म्हणाले. गावात वर्गणी काढून शिक्षक ठेवावा असं काहींचं म्हणणं आहे. — एक अध्यक्ष, बेळगाव तालुका

उत्तर : अध्यक्ष, वर्गणी काढू नका. निदान आधी तरी नको. वर्गणीतनं शिक्षक ठेवला की तालुक्याच्या कचेरीत तुमच्या गावाची निकड संपली. पहिल्या वर्षी लोक पैसे देतात, दुसऱ्या वर्षी जत्रा असते.

तुम्ही दोनदा जाऊन आलात, पण हातात कागद नेला होता काय? तोंडी गेलेला माणूस तोंडी उत्तर घेऊन परत येतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यायचेच, हे त्याच्या परिशिष्टात लिहिलंय. तुमची ४१ आहेत. म्हणजे तुम्ही उपकार मागत नाही. कमिटीची बैठक बोलवा, ठरावबुकात लिहा: पट इतका, मंजूर जागा दोन, काम करणारा शिक्षक एक, अमुक तारखेपासून जागा रिकामी, कायम शिक्षक येईपर्यंत अतिथी शिक्षक द्यावा, तोही नसेल तर शेजारच्या शाळेतनं आठवड्यातले तीन दिवस नियोजनावर, म्हणजे तात्पुरता, द्यावा. खाली सगळ्यांच्या सह्या. कमिटीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला पाहिजेत, तुमच्यात आहेत ना? की नावाला आहेत आणि अंगठे घरी जाऊन घेतले जातात? रागावू नका, मी असली ठरावबुकं बघितली आहेत.

ठरावाची एक प्रत सीआरपींना, म्हणजे आसपासच्या शाळा बघणाऱ्यांना, एक बीईओ म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला, एक ग्रामपंचायतीला. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. टेबलामागचा माणूस म्हणंल, शिक्का कशाला, मी बघतो की. तुम्ही हसून उभं राहायचं. पंधरा दिवसांनी तोच कागद घेऊन परत जायचं, आणि या वेळी चार बायका बरोबर न्यायच्या. शक्ती योजनेमुळं त्यांना तिकीट पडत नाही. रिकाम्या जागांवर अतिथी शिक्षक शाळा सुरू झाल्यावर लगेच घेतले जातात. म्हणून हे याच महिन्यात करा, गणपतीनंतर नाही.

हेडमास्तरांच्या कामांचं म्हणाल, तर कायद्यानं शिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचं काम सोडून शाळेबाहेरचं काम लावता येत नाही. लिहिलेलं आहे असं. २०२५ साली मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणाला शिक्षकच घरोघर फिरले आणि सरकारी शाळांची दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत लांबली. व्हॅनच्या शाळा तेव्हा सुरू होत्या. तेवढे दिवस कुणाच्या मुलाचे गेले, हे गावाला वेगळं सांगायला नको.

पाचवीची मुलगी पहिलीला शिकवते हे लिहिताना तुम्हाला जितकं वाईट वाटलं असेल तितकं मला वाचून वाटलं नाही. पाच वर्ग आणि एक शिक्षक हे आमचं नेहमीचंच. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात 'नलीकली' सुरू झालं, त्यात पहिली ते तिसरीची मुलं एकत्र बसतात, कार्डं घेऊन ज्याच्या त्याच्या पायरीनं पुढं जातात आणि पुढचं मूल मागच्याला हात देतं. म्हणजे मोठ्यानं धाकट्याला शिकवणं वाईट नाही, वर्गात कुणी मोठं माणूस बसलेलं असेल तर. तुमच्या गावात बारावी झालेली, घरी बसलेली सून असेलच. हेडमास्तर मीटिंगला गेले त्या दिवशी कमिटीनं तिला वर्गात बसवावं, गोष्टीची पुस्तकं वाचून घ्यावीत. पगार नाही, पण शाळेच्या कार्यक्रमात नारळ तिच्या हातनं फोडून घ्या. आमच्या गावात एवढ्यावर एक सून तीन वर्षं आली, आणि पुढं डी.एड. करून स्वतःच शिक्षिका झाली.

प्रश्न : १९५६ पासून, आमचा भाग या राज्यात घातल्यापासून, आम्ही अन्याय सोसतोय. आता माझ्या नातवाला पहिलीपासून कन्नड सक्ती. मराठी शाळेत कन्नड का? तुमच्यासारख्या मराठी शिक्षिकांनी याविरुद्ध आवाज उठवायला नको काय? — एक आजोबा, निपाणी भाग

उत्तर : अण्णा, तुमचा राग मला कळतो. माझे वडीलही तुमच्यासारखेच बोलायचे आणि १ नोव्हेंबरला, राज्याच्या स्थापनेच्या दिवशी, काळी फीत लावायचे. मातृभाषेतनं प्राथमिक शिक्षण मिळावं म्हणून राज्यघटनेत ३५०-अ कलम १९५६ सालीच आलंय. आपली शाळा मराठी राहावी, पुस्तकं मराठीतनं वेळेवर यावीत, पालकांना सूचना मराठीत मिळाव्यात, यासाठी भांडा. मी पत्रावर सही करते.

पण नातवाला कन्नड येऊ नये म्हणून भांडू नका. राज्याचा कन्नड शिकण्याचा कायदा २०१५ चा आहे आणि २०१७-१८ पासून एकेका वर्गानं पुढं सरकत आलाय, तो तुमच्या-माझ्या रागानं थांबलेला नाही. महाराष्ट्राचा सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, नातू त्याच्या निकालाची वाट बघत पहिलीत थांबणार नाही. तो दहावीच्या परीक्षेला बसेल तेव्हा कन्नडचा पेपर त्याला सोडवावा लागेल. त्याच्यापुढं डेपोत, बँकेत, दवाखान्यात, तहसीलात त्याला कन्नड लागणारच. आमची मराठी शाळेतली हुशार पोरं दहावीला गणितात नव्वद काढून कन्नडात पस्तिशीला लटकलेली मी बघितली आहेत. त्यात पोरांचं डोकं कमी नव्हतं. पाच वर्षं कन्नड शिकवायला शाळेत कुणी नव्हतं, म्हणून मराठीच्या शिक्षकानं फळ्यावर लिहून दिलेलं त्यांनी चित्रासारखं उतरवून घेतलं होतं. तुमचा आवाज तिथं लावा: सक्ती करता ना, मग शिकवणारा द्या.

मी १९८६ ला नोकरीला लागले तेव्हा मला कन्नडाचं एक अक्षर येत नव्हतं. पुढं एका परिपत्रकावर शिकल्यासवरल्या माणसासारखी ऐटीत सही केली. नंतर कळलं, १९९१ च्या जनगणनेच्या कामाला मी आनंदानं तयार असल्याचं मी लिहून दिलं होतं. पंधरा वाड्या पायी फिरले. त्यानंतर बसच्या पाट्या वाचत वाचत कन्नड शिकले. मराठी तेवढीच राहिली, कुठं गेली नाही.

प्रश्न : मी यंदा दुसऱ्या वर्षी अतिथी शिक्षिका आहे. दुसरी-तिसरी मिळून २३ मुलं. जूनमध्ये वीस असतात, जुलैत अकरा, मार्चमध्ये काजूच्या दिवसांत कधी सात. मी घरी जाऊन रागावते, पालक हो म्हणतात, पोरं येत नाहीत. शिवाय माझं मानधन चार-चार महिने येत नाही. कधीकधी वाटतं, ज्यांना शिकायचंच नाही त्यांच्यासाठी मी का झिजू? — एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : तुला 'तुम्ही' म्हणायला जमेना, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. मानधनाचं आधी: जिथं जिथं अतिथी शिक्षक आहेत त्या सगळ्यांनी मिळून लिहा, एकटीनं लिहू नकोस. एकटीचा अर्ज फायलीत जातो. आणि तोपर्यंत शाळेसाठी खडू-वही स्वतःच्या पैशानं आणू नकोस. मी आणायची. माझा पगार महिन्याच्या महिन्याला होता.

आता पोरांचं. शिकायचंच नाही म्हणतेस, ते मला पटलं नाही. एका जुलैत मी एक वही घातली. प्रत्येक गैरहजेरीमागं खरं कारण लिहायचं ठरवलं. हजेरीपटात सगळीकडं 'आजारी' होतं. वहीत काय निघालं ते सांगते. दोन भावांत पावसात पांघरायची एकच खोळ होती, म्हणून एक सोमवारी यायचा, दुसरा मंगळवारी. आणि दोघंही मला खोटं सांगायचे, की पोटात दुखत होतं. चौघींचा युनिफॉर्म वाळला नव्हता. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात चुलीवर धरल्याशिवाय कापड वाळत नाही, हे तुला ठाऊकच आहे. दुसरा जोड अजून आला नव्हता आणि युनिफॉर्म नसला की मी बाहेर उभी करते ही भीती. एकाच्या वाटेवरचा ओढा चढलेला. एक रोप लावणीला आईच्या जागेवर, कारण आई बाळंत. शाळेचा कंटाळा म्हणून न आलेला फक्त एक होता, आणि त्याला कंटाळा का आला हेही मला थोडं कळलं, कारण त्याला वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सांगून टाकलं, जुलै-ऑगस्टात कुठलाही कपडा चालेल. ओला नको, बस्स. खोळीसाठी खताच्या रिकाम्या प्लास्टिक पिशव्या सोसायटीतनं आणल्या. हजेरी सहानं वाढली. माझा एक पैसा खर्च झाला नाही.

आणि ती एक. तिसरीतली मुलगी, महिनाभर गायब. एक दिवस मी फळ्यावर लिहीत होते, दाराशी सावली पडली. ती उभी होती, कमरेवर धाकटा भाऊ, दीड-एक वर्षाचा, नाक वाहतंय. आत येत नव्हती, जात नव्हती. फळ्यावर मी काय लिहिलंय ते ओठ हलवत वाचत होती. अंगणवाडी त्या आठवड्यात बंद, आई-बाप दोघं कामावर. 'आत ये' म्हटलं तर म्हणाली, "ह्यो रडतंय, टीचर." मी म्हटलं, रडू दे. कोपऱ्यात गोणपाट अंथरलं, भाकरीचा तुकडा आणि एक रिकामी खडूची पेटी त्याच्या हातात दिली. दोन तास तो पेटी उघडझाप करत बसला. दुपारी भात जेवला आणि तिथंच झोपला. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे कुठल्या वर्गातलं? मी म्हटलं, हे पहिलीतलं, जरा लवकर आलंय. ते हसले नाहीत. रिपोर्टात लिहिलं काहीतरी. पण ती मुलगी रोज यायला लागली.

तेव्हा पोरी, मार्चचं असं कर. काजू मार्चपासून मेपर्यंत, आणि तुझी परीक्षा नेमकी त्याच्या तोंडावर. बिया सकाळी लवकर गोळा होतात. पालकांना म्हण, नऊपर्यंत पोरं तुमची, दहाला माझी. रागावू नकोस, सौदा कर. आणि परीक्षेला लागणारं महत्त्वाचं वाचन-लेखन फेब्रुवारीपर्यंत उरकून ठेव, वेळापत्रक कुठलंही असो. तुझ्या वर्गात ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली पोरं असतील, तर त्यांना दाखल्यावाचून बसू दे. दाखल्यासाठी कुणाला दारातनं परत पाठवायचं नाही, असं कायदाच सांगतो.

आज रात्री वही घाल. पहिलं कारण काय निघालं, ते मला कळव.

प्रश्न : टीचर, मी सातवीत आहे. आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा आहे. हायस्कूल नऊ किलोमीटरवर. बस सकाळी सव्वासातला येते, नाहीतर येतच नाही. बाबा म्हणतात, पावसात मुलीला एवढ्या लांब नाही पाठवणार, घरी बस. माझ्या दोन मैत्रिणींचंही तसंच आहे. मला शिकायचंय. मी काय सांगू बाबांना? — सातवीतली एक मुलगी

उत्तर : बाळ, तुझं अक्षर सुंदर आहे आणि पत्रात एकही चूक नाही, हे आधी बाबांना दाखव. मग हे पुढचं त्यांना वाचून दाखव, मी त्यांच्याशीच बोलते.

दादा, बसला पैसे लागणार नाहीत. ११ जून २०२३ पासून राज्यातल्या बायका-मुलींना साध्या बसमधनं प्रवास मोफत आहे, आधारसारखं ओळखपत्र जवळ ठेवावं लागतं एवढंच. तुमची खरी काळजी पैशाची नाहीच, ती सव्वासातच्या बसची आहे, आणि ती बरोबर आहे. मी आई म्हणून हेच म्हटलं असतं. म्हणून असं करा. तुमच्या आणि वाटेतल्या दोन वाड्यांतनं हायस्कूलला जाणाऱ्या सगळ्या मुलामुलींची नावं एका कागदावर लिहा, पुढं इयत्ता. वर लिहा: सकाळी आठची आणि संध्याकाळी पाचची फेरी पाहिजे. हायस्कूलच्या हेडमास्तरांची सही, पंचायतीची सही, आणि डेपो मॅनेजरांना द्या. 'आमच्या गावाला बस पाहिजे' असा अर्ज रोज येतो. बारा नावांची यादी कमी येते. मी असली यादी एकदा दिली होती, बस यायला अडीच महिने लागले. तोवर तिघींना त्या गावातल्या एका मावशीकडं ठेवलं होतं. बस नाहीच झाली, तर मुलींचं सरकारी वसतिगृह जवळ कुठं आहे ते तालुक्याला समाजकल्याण आणि मागासवर्ग खात्यात विचारा. अर्ज शाळा सुरू होतानाच घेतात.

आणि आता तू ऐक. सातवीला ५५ टक्के पाड. अनुसूचित जाती-जमातीला पन्नास चालतात. मग आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्तीची परीक्षा असते. दोन पेपर, नव्वद-नव्वद प्रश्न. एक डोक्याला ताण देणारा, दुसरा शाळेतल्या अभ्यासाचा. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठीच आहे, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार रुपये तुझ्या खात्यात. आमच्या भागात या परीक्षेला बसणारी मुलंच कमी, कारण कुणी सांगत नाही. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्ताच काढून ठेव, ऐनवेळी त्याला महिना जातो. खातं स्वतःच्या नावावर काढ आणि आधारला जोडून घे. आधारवर नावाचं स्पेलिंग शाळेतल्यासारखंच आहे ना, तेही बघ. माझ्या दोन विद्यार्थिनींचे पैसे एका 'एच'साठी अडकले होते.

घरी कुणी लग्नाचं बोलायला लागलं तर १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन करायचा, हे तुझ्या दोन्ही मैत्रिणींनाही सांग.

आठवीची जुनी पुस्तकं माझ्याकडं चार संच आहेत, मराठी माध्यमाची. तिघींनी मिळून संपादकांच्या पत्त्यावर पत्र टाका, मी बसमधनं पाठवून देते. कंडक्टर ओळखीचा आहे, माझाच विद्यार्थी.